पहिलं गिऱ्हाईक मावशी नको: सांगलीत शिकता शिकता धंदा सुरू करताना

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की दोन-चार पोरंपोरी मला भेटायला येतात. बहुतेक सेकंड इयरची. विश्रामबागेत चहाच्या गाड्यापाशी उभं राहून बोलतो. लोगो तयार असतो, इन्स्टाग्रामचं पान तयार असतं, एकदा तर टी-शर्टही छापून झाले होते. मी विचारतो, "विकलं किती?" मग सगळे एकमेकांकडं बघतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी काही मोठा उद्योजक नाही. २०१७ ते २०२० या काळात, इथंच शिकत असताना, आम्ही चौघांनी बेदाण्याची पाकिटं विकली. बंगला झाला नाही. पण दर वेळी चहापाशी तेच बोलणं होतं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'हेतू ठेवून नेतृत्व' असं शिबिरात ऐकलं की मला जांभई यायची. भिंतीवर काय लिहिलंय यापेक्षा वहीत पैसे आधी कुणाला दिलेत ते बघावं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वही आजच घ्या. लांब, आडवी, दुकानदार वापरतात तसली.

१. पंधरा दिवस नुसतं फिरा

कल्पना शोधायला बसू नका. अडचण शोधायला फिरा. सकाळी मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात तिथं जाऊन उभे राहा. कुणी हाकलत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत छोट्या वर्कशॉपमध्ये जा आणि ड्रॉइंग कोण काढून देतं ते विचारा. मिरजेत दवाखान्यांच्या बाहेर पेशंटचे नातेवाईक दिवस दिवस बसलेले असतात, ते दुपारी काय खातात, आंघोळ कुठं करतात ते बघा. मिरजेतच सतार-तानपुरा करणाऱ्या कारागिरांकडं जा. त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे वस्तू त्या-त्या भागाची खासियत असल्याची सरकारी नोंद) मिळालं. पण लांबच्या गिऱ्हाइकाला वाद्य पाठवताना ते फुटू नये म्हणून काय करता, हे विचारलंत तर तासभर बोलणं होईल.

विचारायचं कसं, यात खरी मेख आहे. "आम्ही असं असं काढलं तर घ्याल का?" हा प्रश्न कधीही विचारू नका. आपल्याकडं माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. तो "बघू की" म्हणतो, "चांगलंय, करा करा" म्हणतो, चहासुद्धा पाजतो. 'बघू' म्हणजे नाही, हे लिहून ठेवा. त्याऐवजी मागचं विचारा. गेल्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत? किती पैसे गेले? कुणाला फोन केलात? ज्या अडचणीवर माणसानं आजवर एक रुपया किंवा एक तासही खर्च केलेला नाही, ती त्याला अडचण वाटतच नाही. आपल्याला वाटते, एवढंच.

आमचंच सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही तासगावकडच्या बेदाणा शेडवर गेलो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात आणि साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो. आम्ही लॅपटॉपवर प्रेझेंटेशन करून नेलं होतं, विषय 'शेतकऱ्याचा स्वतःचा ब्रँड'. शेडच्या मालकांनी पाच मिनिटं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ब्रँडचं तुमचं तुम्ही बघा. सौदा झाल्यावर पैसे किती दिवसांनी हातात येतात, ते विचारा की."

आम्ही विचारलं. मग लॅपटॉप बंद केला.

त्या संध्याकाळी वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिली: 'शेडवर माल उचलला की तिथंच पैसे.' आमच्याकडं दहा हजार रुपये होते, म्हणजे बाकीचा खर्च धरला तर रोखीत वीस-पंचवीस किलोच उचलता येत होता. हसण्यासारखाच आकडा आहे. पण त्या ओळीमुळं बाकीचे पन्नास निर्णय आपोआप झाले. तुम्हीही अशी एक ओळ लिहा. तिच्यात कुणासाठी हे असू द्या, आणि काय करणार नाही हेही असू द्या. 'समाजासाठी काहीतरी' ही ओळ नव्हे. तिच्यावरून कुठल्याच दिवशी काहीच ठरत नाही.

२. आधी विका, मग माल भरा

आपल्या जिल्ह्यात या बाबतीत एक जुनं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणला, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी, म्हणजे तिथल्या राजांनी, जागा दिली, त्याची किर्लोस्करवाडी झाली. हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण त्याआधी बेळगावात लोखंडी नांगर तयार झाल्यावर पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडानं जमिनीत विष भिनतं असं शेतकऱ्यांना वाटायचं, हे आपण विसरतो. नांगर चांगलाच होता. अडलं ते विकण्यापाशी.

आणि हेच नांगर विकत गावोगाव फिरलेला एक माणूस म्हणजे भाऊराव पाटील. वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 'कमवा आणि शिका' उभं केलं, कर्मवीर झाले. त्यांच्या आयुष्यातलं हे विक्रेत्याचं पर्व लोक घाईत ओलांडून जातात. मला मात्र ते महत्त्वाचं वाटतं. दारोदार माल विकणाऱ्याला कुणाच्या घरात काय नाही ते दिसतं. सर्व्हे फॉर्म भरून घेणाऱ्याला ते दिसेलच असं नाही.

तर करायचं काय? दहा पाकिटांइतका माल घ्या, हातानं भरा आणि विका. पहिल्या दहा गिऱ्हाइकांत ओळखीचे तीनपेक्षा जास्त नकोत. मावशी घेते ते तुमच्या तोंडाकडं बघून. ती पुन्हा घेते तेही तुमच्या तोंडाकडं बघून. तिनं दिलेले पैसे खरे, पण तिच्यावरून काढलेला अंदाज खोटा. आमच्या पहिल्या खेपेला चाळीस पाकिटं दोन दिवसांत संपली आणि आम्ही हवेत गेलो. दुसऱ्या खेपेला तीच चाळीस तीन आठवडे पडून राहिली, कारण मावश्या संपल्या होत्या.

मग रविवारी सकाळी एका सोसायटीच्या गेटजवळ, तिथल्या सेक्रेटरींना विचारून, टेबल टाकलं. वाटीत बेदाणा चाखायला ठेवला. तिथं कळलं की आमच्या पाकिटाचा रंग कुणालाच दिसत नव्हता. लोक आतला दाणा बघत होते. लांबट, हिरवट, कुरकुर न लागणारा. पाकिट पारदर्शक हवं होतं आणि आम्ही आठवडाभर डिझाइनवर भांडलो होतो.

पैसे हातात पडल्याशिवाय 'ऑर्डर' हा शब्द वापरू नका. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे ऑर्डर नव्हे.

३. हिशेब, मजुरीसकट

इथं जरा थांबा आणि सावकाश वाचा, कारण बहुतेक विद्यार्थी-धंदे याच ठिकाणी मरतात आणि मरताना कळतही नाही. खालचे आकडे फक्त मांडणी कळावी म्हणून घेतलेत. बेदाण्याचा भाव रोज बदलतो, प्रतीवर बदलतो.

समजा वीस किलो बेदाणा २४० रुपये किलोनं घेतला. ४,८०० रुपये. निवडताना काड्या, काळे दाणे, चुरा धरून किलोभर गेला, उरला एकोणीस. पाव किलोची ७६ पाकिटं झाली. पाकिट आणि लेबल मिळून आठ रुपये धरले तर ६०८. तासगावला जाऊन-येऊन २०० रुपये. एकूण ५,६०८, म्हणजे पाकिटामागं साधारण ७४ रुपये. विक्री ११० ला. पोरं इथंच ११० वजा ७४ करतात, ३६ ला ७६ नं गुणतात आणि खूश होतात.

आता खरं बघा. सहा पाकिटं चाखायला गेली, पाच नीट सील झाली नाहीत. विकली ६५. आले ७,१५०. राहिले १,५४२. चौघांचे मिळून तीस तास गेले असतील तर तासाला एक्कावन्न रुपये पडले. वाईट नाही. पण तीच ६५ पाकिटं किराणा दुकानात ठेवायला गेलात आणि दुकानदारानं वीस टक्के मागितले (त्याची जागा, त्याचं लाइटबिल, त्यानं मागणं चूक नाही), तर पाकिटामागं तुमच्या हातात ८८ पडतात. ६५ गुणिले ८८ म्हणजे ५,७२०. नफा एकशे बारा रुपये. तीस तासांचे.

हे आधी मांडलं असतं तर आम्ही चार महिने दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या नसत्या. मांडल्यावर दोनच रस्ते दिसले: थेट विकायचं, किंवा मोठी पाकिटं करायची. आम्ही दोन्ही केलं. शेडवरचा भाव पाडून मागायचा तिसरा रस्ताही होता, आणि आमच्यातल्या एकानं तो सुचवलाही. वहीचं पहिलं पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं. तो म्हणाला, "ठीकाय, कळलं."

मजुरी वहीत लिहाच, एकमेकांना दिली नाही तरी. धंद्याचं बँक खातं आणि यूपीआय वेगळं ठेवा. त्या क्यूआर कोडवर स्वतःच्या वडापावचे पैसे एकदा जरी फिरले, तरी महिन्याअखेर रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची नोंद) जुळत नाही.

४. कागदपत्रं: एका आठवड्याचं काम

याची उगाच भीती असते. पटापट सांगतो.

वय १८ पूर्ण हवं. त्याआधी भागीदार होता येत नाही. चौघं मिळून करणार असाल तर स्टॅम्प पेपरवर भागीदारीचा करार करा आणि एक गोष्ट समजून घ्या: साध्या भागीदारीत धंद्याचं देणं प्रत्येकाच्या घरापर्यंत येऊ शकतं, हिस्सा कितीही असो. ते नको असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, असते, पण तिचा वर्षाचा खर्च आणि कागद पहिल्या दहा पाकिटांना झेपणारे नाहीत.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती फुकट आहे. हजार-दोन हजार मागणाऱ्या वेबसाइटी सरकारी असल्याचा आव आणतात, फसू नका. चार-पाच माणसांचाच धंदा असेल तर दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

खाण्याची वस्तू असेल तर पहिल्या पाकिटाआधीच एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. तिचा चौदा आकडी नंबर पाकिटावर येतो. शिवाय पाकिटबंद मालावर भरणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, भरल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह लागतं. लेबल छापण्याआधी वजनकाटाही तपासा. २५० लिहून सर्रास कमी भरलं तर ती नुसती चूक नव्हे, दंड होऊ शकतो.

जीएसटीचं: राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवा देत असाल तर २० लाखांपर्यंत. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की हे आकडे लागू होत नाहीत, नोंदणी करावीच लागते. आपल्याकडं हे फार जवळ आहे. म्हैसाळ ओलांडून कागवाड लागलं की कर्नाटक. मामाच्या गावातल्या दुकानात दहा पाकिटं ठेवण्याआधी एकदा विचार करा.

आणि एक चूक जवळजवळ सगळे करतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणून लगेच पाकिटावर 'जीआय' छापू नका. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

५. भांडवल, थोडक्यात

पहिलं भांडवल स्वतःचं, आणि बुडालं तरी घरात जेवण चालू राहील एवढंच. आम्ही प्रत्येकी अडीच हजार घातले. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं काम जिल्हा उद्योग केंद्रात चालतं. दोन्हीची माहिती जरूर घ्या. पण सहा महिने वही लिहून झाल्यावर. अनुदान बघून धंदा ठरवणारी मंडळी मी पाहिलीत. अनुदान येईपर्यंत त्यांचा उत्साह आणि अनुदान आल्यावर त्यांचा धंदा संपतो. कॉलेजात इनोव्हेशन कौन्सिल (नव्या कल्पनांना मदत करणारी समिती) असेल तर तिथल्या सरांकडून बक्षिसाच्या स्पर्धांपेक्षा एक खोली आणि एक कपाट मागा. जास्त उपयोगाचं आहे.

६. मीटिंग कितीला?

नेतृत्व म्हणजे काय, यावर मी एकच प्रसंग सांगतो.

आमची मीटिंग रात्री आठला व्हायची, होस्टेलवर. सगळ्यांना सोयीचं, असं आम्ही तिघं म्हणायचो. चौथी भिलवडीहून रेल्वेनं ये-जा करायची. संध्याकाळच्या गाडीनं ती गेलेली असायची. निर्णय आम्ही तिला व्हॉट्सॲपवर कळवायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणं ती पाकिटं भरायची. हिशेबही तीच लिहायची, कारण अक्षर चांगलं. असं पाच महिने चाललं. एका रात्री ग्रुपवर तिचा मेसेज आला: "मी भागीदार आहे की कामगार, ते एकदा सांगा. कामगार असेन तर पगार सांगा."

बराच वेळ कुणी उत्तर दिलं नाही. मी स्वतःला त्या गटाचा पुढारी समजत होतो, त्यामुळं उत्तर माझ्याकडून यायला हवं होतं. मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत लिहिलं, ते आठवलं तरी लाज वाटते. दुसऱ्या दिवशी वहीतले तास मोजले. एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त तास तिचे होते.

मीटिंग दुपारच्या सुट्टीत आणली, सव्वा वाजता, कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर. मीटिंगला नसलेल्या माणसाचं काम ठरवायचं नाही, असा नियम केला. वाटणी हिश्शाबरोबर तासांवरही केली. एवढ्यानं भांडणं थांबली नाहीत, पण ती समोरासमोर व्हायला लागली.

तेव्हा गट करताना 'सीईओ कोण' हे ठरवण्याआधी हे ठरवा: शेवटची एसटी कुणाची कितीला आहे, कुणाला घरून आठनंतर बाहेर पडता येत नाही, परीक्षेच्या महिन्यात कोण किती तास देईल. पैशाचा निर्णय किती रकमेपर्यंत एकट्यानं घ्यायचा तेही लिहा. आमच्यात पाचशे रुपये होते. आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्याचे पैसे किती दिवसांत परत, हे मैत्री चांगली असतानाच लिहून घ्या. बिघडल्यावर कुणी लिहीत नाही.

७. पाण्याची खूण विचारा

सांगलीत माल ठेवायला खोली घेताय? भाडं विचारण्याआधी मालकाला विचारा, २००५ ला आणि २०१९ ला पुराचं पाणी कुठपर्यंत होतं. भिंतीवर खूण दाखवतील. हरिपुरात हळद साठवायची जमिनीतली पेवं पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती, ती २००५ च्या पुरात पाण्याखाली गेली. आपण तर शटरची खोली घेतो.

आम्ही विचारलं नव्हतं. मित्राच्या घराची तळमजल्यावरची खोली होती, गावभागात, फुकट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ आहे. आमचा १२० किलो बेदाणा त्या खोलीत होता, गणपतीच्या ऑर्डरींसाठी.

आणि तो माल उधारीवर होता. हो, 'तिथंच पैसे' ही ओळ आम्हीच मोडली होती. शेडचे मालक आता ओळखीचे झाले होते, म्हणाले होते, "न्या की, सावकाश द्या." पहिल्यांदाच एवढी मोठी ऑर्डर होती, मोह झाला. २१० रुपयांनी २५,२०० देणं. शिवाय बत्तीस गिऱ्हाइकांकडून प्रत्येकी ३०० आगाऊ घेतलेले, ते ९,६००. खात्यात सतराशे रुपये.

पाणी उतरल्यावर काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण पूर नाही तर दुसरं काहीतरी तुमच्यावरही येईल.

चिखल काढताकाढताच पहिला फोन शेडवर केला. कारणं सांगायला सुरुवात केली तशी ते म्हणाले, "पुराचं टीव्हीवर बघतोय मी. पैसे कधी देताय ते तारखेसकट सांगा, तेवढं बास." ही शिकवणी मला कुठल्याही वर्गात मिळाली नव्हती. ज्याचं आपण देणं लागतो त्याला सहानुभूती नको असते, तारीख हवी असते. आम्ही तीन तारखा दिल्या: सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची अखेर, दर वेळी ८,४००.

मग बत्तीस जणांना फोन केले. मेसेज नाही, फोन. पैसे परत हवेत की दिवाळीपर्यंत माल चालेल, एवढंच विचारलं. अकरा जणांनी पैसे मागितले, ते त्याच आठवड्यात घरून उसने घेऊन दिले. एकवीस जण थांबले. त्यांच्यासाठी नंतर माल घेतला तो रोखीनं, पाच-पाच किलो करत.

यात माझ्या हातून एक चूक झाली. ज्याच्या घराची खोली होती त्याच्या स्वतःच्या घरात छातीइतकं पाणी होतं. त्याच्याकडून हिस्सा घ्यायचा नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं आणि त्याला सांगितलं नाही. चांगलंच करतोय असं वाटत होतं. त्याला कळलं तेव्हा आठवडाभर तो बोलला नाही. मग आला आणि म्हणाला, "मला विचारायचं होतंत." मीटिंगला नसलेल्या माणसाबद्दल ठरवायचं नाही हा नियम आम्हीच केला होता, दयेच्या वेळी तो आठवला नाही. त्यानं चौथा हिस्सा दिला, ८,७०० रुपये, बाकीच्यांइतकाच. वेळ लागला, पण दिला.

शिकवण्या घेतल्या, एकानं केटरिंगला वाढप्याचं काम केलं. ऑक्टोबरचा हप्ता चार दिवस उशिरा गेला. आदल्या दिवशी फोन करून तसं सांगितलं होतं. शेवटचा हप्ता घेऊन शेडवर गेलो तेव्हा मालकांनी पैसे मोजले, खिशात घातले आणि पुढच्या हंगामात किती लागेल ते विचारलं. आम्ही वीस किलो म्हणालो. रोखीत.

८. सुपूर्द करताना

विद्यार्थ्यांचा धंदा तीन-चार वर्षांचा असतो, हे पहिल्या दिवशीच धरून चाला. शेवटच्या वर्षी एकाला नोकरी लागते, एकीचं लग्न ठरतं, एकजण पुण्याला जातो. आमचं तर मार्च २०२० मध्ये लॉकडाउननंच ठरवलं. बंद करणं म्हणजे हरणं नाही, पण अर्धवट सोडून पळणं लोकांच्या लक्षात राहतं.

शेवटचं सेमिस्टर सुरू होण्याआधी नव्या आगाऊ ऑर्डरी थांबवा. उरलेला माल संपवा, मुदत जवळ आली असेल तर तसं सांगून स्वस्तात द्या. ज्यांचं देणं आहे त्यांना आधी, मग भागीदारांचं भांडवल, मग उरलं तर वाटणी. बँक खातं बंद करा. भागीदारी मोडल्याचा कागद करा आणि चौघांच्या सह्या घ्या. एफएसएसएआयची नोंदणी तुमच्या नावावर असते. ज्युनिअर्सना तोच नंबर वापरू देऊ नका, त्यांनी स्वतःची काढावी.

आमच्यानंतर दोन वर्षांनी एक गट आला. त्यांना वजनकाटा आणि सीलिंग मशीन मिळून अकराशेला दिलं. वहीही मागितली. मूळ वही भिलवडीवालीकडं आहे, ती द्यायला तयार झाली नाही, म्हणून पहिल्या चाळीस पानांची झेरॉक्स दिली. शेडचा फोन नंबर पहिल्याच पानावर आहे, त्या ओळीच्या खाली. हळद भरणार म्हणत होते. मशीनची वायर तेवढी बदलून घ्या, असं सांगितलंय, ती तापते.